जुंपणे आणि सोडणे : तोफगाड्यापासून पाचव्या चाकापर्यंत

जबलपूरहून नागपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर लांबलचक ट्रेलर सतत ये-जा करतात. त्यांचा इंजिनाचा पुढचा भाग मागच्या सांगाड्यापासून वेगळा करता येतो. चालक मंडळी या पुढच्या भागाला ‘घोडा’ म्हणतात. घोड्याच्या मागच्या आसांवर वंगणाने काळी झालेली जाड पोलादी थाळी असते आणि तिला मागून आत शिरणारी निमुळती खाच असते. ट्रेलरच्या पोटाखाली एक उभी खुंटी असते; तिला किंगपिन म्हणतात. घोडा मागे येतो, खुंटी खाचेत शिरते, आतले जबडे तिच्याभोवती मिटतात आणि दोन वाहनांचे एक वाहन होते. या थाळीचे नाव फिफ्थ व्हील, म्हणजे पाचवे चाक. गॅरेजांत तिला टर्नटेबलही म्हणतात.

अमेरिकेत हीच रचना लहान आकारात पिकअप ट्रकच्या हौद्यात बसवली जाते. राहण्याची सोय असलेला मोठा ट्रेलर ओढायचा असला की ती लागते. प्रवास संपला की हौदा सामानासाठी मोकळा हवा, म्हणून ती काढावी लागते. पुढच्या प्रवासाआधी ती पुन्हा त्याच जागी बसवायची. आख्ख्या हिचचे वजन सहज ७० ते १०० किलो भरते. काम किरकोळ वाटते, पण त्यात पाठी दुखावतात, बोटे चेंगरतात, आणि जोड नीट बसला नाही तर रस्त्यावर ट्रेलर सुटून जीवही जातात.

इतिहासाच्या टिपणात हा विषय कशाला, असे तुम्ही विचाराल. कारण हा प्रश्न पिकअपपेक्षा फार जुना आहे. जड वस्तू वाहनाला जोडायची, सोडायची, हलवायची आणि पुन्हा अचूक जागी बसवायची, हे काम तोफखान्याने शतकानुशतके केले. आणि भारतात त्या कामाचे एक मोठे केंद्र म्हणजे जबलपूर. या टिपणात एकच मुद्दा मांडायचा आहे : जड यंत्र जोडलेल्या अवस्थेत कसे चालते एवढेच पाहून त्याचा आराखडा पुरा होत नाही. ते कोण सोडणार, कशाने उचलणार आणि परत बसवल्यावर जोड पक्का आहे हे कसे ओळखणार, हेही आराखड्यातच ठरावे लागते. हे ठरले नाही तर त्याचा भार शेवटी कुणाच्या तरी पाठीवर पडतो.

१. न हलणारी तोफ आणि हलणारी तोफ

बैलगाडीमुळे मराठीत या विषयाचे शब्द तयारच आहेत. बैल गाडीला जुंपतात आणि काम झाले की सोडतात. मानेवर जू, जुवाच्या टोकांना शिवळा. शिवळ काढली की बैल मोकळा. शिवळ हीसुद्धा एक पिनच आहे : हाताने काढता येते, हाताने घालता येते, आणि घातली आहे की नाही हे लांबून दिसते.

तोफा मात्र इतक्या सहज सुटत किंवा हलत नसत. विजापूरच्या तटावरची मलिक-ए-मैदान तोफ १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली गेली. तिचे वजन सुमारे ५५ टन. ती आधी परांड्याच्या किल्ल्यात होती आणि १६३२ मध्ये विजापूरला आणली गेली. त्यासाठी दहा हत्ती, चारशे बैल आणि शेकडो माणसे लागली असे परंपरेने सांगतात. अशी तोफ एकदा बुरुजावर चढली की तिथलीच होते.

मैदानातल्या लढाईला हे चालत नाही. मैदानी तोफ दोन चाकांच्या गाड्यावर बसवत. गाड्याची शेपटी जमिनीवर टेकवली की तोफ डागायला तयार. हलवायची असली की शेपटी उचलून दुसऱ्या दोनचाकी गाडीवर ठेवत. या पुढच्या गाडीला लिंबर म्हणतात. अठराव्या शतकातल्या लिंबरच्या आसावर एक उभी खुंटी असे आणि तोफगाड्याच्या शेपटीला भोक. भोक खुंटीवर बसले की दोन दोनचाकी गाड्यांची एक चारचाकी, मध्ये वळणारी गाडी तयार होई. तोफेच्या वजनाचा काही भाग लिंबरच्या आसावर येई.

आता ट्रेलर आठवा. खुंटी वरच्या भागाला आहे आणि खाच खालच्या, एवढाच फरक. तत्त्व तेच : ओढल्या जाणाऱ्या वस्तूच्या वजनाचा एक हिस्सा ओढणाऱ्याच्या आसावर टाकायचा आणि वळायला एक उभा अक्ष ठेवायचा.

फ्रान्समध्ये ग्रिबोव्हाल याने १७६५ पासून तोफगाड्यांचे आकार, चाके आणि आस प्रमाणित केले. एका गाड्याचे चाक मोडले तर दुसऱ्याचे बसावे, हा त्यामागचा एक हेतू होता. अदलाबदल करता येणाऱ्या सुट्या भागांची कल्पना कारखान्यांत रुजण्याच्या कितीतरी आधी तोफगाड्यांवर राबवली गेली, ही गोष्ट अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे.

२. असई : जोडी तुटली की तोफ थांबते

२३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातल्या असई येथे दौलतराव शिंदे आणि नागपूरचे दुसरे रघुजी भोसले यांच्या फौजांची ऑर्थर वेलस्लीच्या सैन्याशी लढाई झाली. मराठ्यांचा तोफखाना मोठा होता आणि त्याचे गोलंदाज कसलेले होते. इंग्रजांच्या तोफा बैल ओढत होते. मराठ्यांच्या माऱ्यात हे बैल आणि गोलंदाज इतके पडले की वेलस्लीला बहुतेक तोफा मागे ठेवून पायदळ पुढे न्यावे लागले. लढाई अखेर इंग्रजांनी जिंकली आणि मराठ्यांच्या ९८ तोफा त्यांच्या हाती लागल्या.

या लढाईचे राजकीय अर्थ तुम्ही इतरत्र वाचाल. आपल्या विषयापुरते दोन अर्थ आहेत. तोफ उत्तम असूनही ती ओढणारा नसेल तर ती जागची हलत नाही, हा इंग्रजांचा अनुभव. आणि शत्रू अंगावर आला असताना तोफा वेळेत जुंपून मागे नेता आल्या नाहीत तर त्या शत्रूच्या होतात, हा मराठ्यांचा अनुभव. जुंपायला आणि सोडायला किती वेळ लागतो यावर असा माणसांचा जीव आणि लढाईचा निकाल अवलंबून असे.

३. जबलपूरच का?

त्या काळात जबलपूर याच नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात होते. १७८१ मध्ये गढा-मंडल्याची गोंड सत्ता सागरच्या मराठ्यांनी संपवली. पुढे हा मुलूख भोसल्यांकडे आला आणि डिसेंबर १८१७ मध्ये इंग्रजांनी तो घेतला.

शहराचे महत्त्व वाढले ते रेल्वेने. अलाहाबादहून आलेला ईस्ट इंडियन रेल्वेचा फाटा १८६७ मध्ये जबलपूरला पोहोचला. मुंबईकडून ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची लाइन आली आणि मार्च १८७० मध्ये दोन्ही लाइनी इथे जोडल्या गेल्या. मुंबई ते कलकत्ता हा सलग लोहमार्ग जबलपूरच्या जोडामुळे पुरा झाला. देशाच्या मध्यभागी, समुद्रापासून आणि सरहद्दीपासून लांब, आणि चारी दिशांना रेल्वे : लष्करी कारखान्यासाठी अशी जागा सोयीची होती.

त्याआधी तोफगाडे बनवण्याचे कारखाने मुंबई, मद्रास आणि फतेहगढ अशा वेगवेगळ्या ठिकाणी होते. हे काम एकत्र करण्यासाठी १९०४ मध्ये जबलपूरला गन कॅरेज फॅक्टरी उभी राहिली. नाव नीट वाचा : हा ‘गन’चा नव्हे, ‘गन कॅरेज’चा कारखाना. तोफेची नळी बनवणे हे एक शास्त्र, आणि ती नळी ज्यावर बसते, ज्याने ओढली जाते, ज्यावरून सोडवली जाते तो गाडा बनवणे हे दुसरे, इतके स्वतंत्र की त्यासाठी आख्खा कारखाना लागावा.

४. खेचराच्या पाठीने ठरवलेला आराखडा

वायव्य सरहद्दीच्या डोंगरात चाकांचा गाडा चालत नाही. तिथे तोफ खेचरांच्या पाठीवरून न्यावी लागे. लहान तोफ खेचर उचलत असे, पण तिचा पल्ला अपुरा पडे. नळी लांब केली तर वजन वाढे आणि खेचर कोलमडे. १८७९ च्या सुमारास वापरात आलेल्या अडीच इंची पहाडी तोफेने यावर उपाय काढला : नळीचेच दोन तुकडे, प्रत्येकी साधारण ९० किलोचे. मुक्कामी पोहोचल्यावर दोन्ही तुकडे आट्यांनी एकमेकांना घट्ट पिळायचे. म्हणून तिला ‘स्क्रू गन’ असे नाव पडले.

पुढे १९१७ मध्ये आलेली ३.७ इंची पहाडी हॉवित्झर तोफ आठ खेचरांवर वाटून नेता येत असे. तिचे एकूण वजन सुमारे ७३० किलो. भागाकार करून पाहा : सरासरी ९० किलोच्या जवळपास. म्हणजे अडतीस वर्षांत तोफ कितीही सुधारली तरी तुकड्याचे वजन तिथेच राहिले, कारण खेचराची पाठ बदलली नव्हती. ही तोफ दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या जंगलातही वापरली गेली. १९६२ च्या चीन युद्धानंतर भारताने स्वतःची ७५ मिलिमीटरची पहाडी तोफ विकसित केली तेव्हाही सुटे होणे ही अट कायम होती.

इथे एक शिस्त दिसते. आधी वाहून नेणाऱ्याची ताकद मोजली, मग यंत्राचे तुकडे त्या मापाने पाडले. माणसाच्या बाबतीत हीच शिस्त नेहमी पाळली गेली असे मात्र म्हणता येत नाही. आपल्याकडे पन्नास किलोचे सिमेंटचे पोते अजूनही माणूसच पाठीवर घेतो.

५. नाव ‘पाचवे चाक’ का?

घोडागाडीला चार चाके असली की वळण्यासाठी पुढचा आख्खा आस फिरवावा लागतो. गाडीचे वजन पेलून आस फिरावा म्हणून आसावर एक आडवे लोखंडी कडे बसवत. चार चाकांखेरीजचे हे पाचवे, आडवे चाक. मोटारगाडीत हे कडे नाहीसे झाले, कारण तिथे आख्खा आस न फिरवता दोन चाके वेगवेगळ्या कोनांत वळवण्याची युक्ती आली. तुम्ही वाहन अभियांत्रिकीत शिकता ती ॲकरमन रचना तीच; तिचे पेटंट लंडनमध्ये १८१८ मध्ये घेतले गेले.

गाडीतून गेलेले पाचवे चाक ट्रेलरमधून परत आले. १९१४ मध्ये डेट्रॉइटमधले लोहार ऑगस्ट फ्रूहॉफ यांना एका लाकूड व्यापाऱ्याने आपली नाव तळ्यापर्यंत नेण्यासाठी काहीतरी करून द्यायला सांगितले. फ्रूहॉफ यांनी फोर्डच्या मॉडेल टी गाडीमागे जोडता येईल असा दोनचाकी सांगाडा बनवला. त्याला स्वतःचा पुढचा आस नव्हता. पुढचे वजन मोटारीवर येत असे, म्हणून तो ‘सेमी-ट्रेलर’. लिंबरवर टेकवलेली तोफ आणि हा सेमी-ट्रेलर यांतले साम्य तुमच्या लक्षात आले असेल.

आज जगभरच्या ट्रेलरांना किंगपिनची दोनच प्रमुख मापे आहेत : ५० आणि ९० मिलिमीटरची, म्हणजे मुळातली दोन आणि साडेतीन इंच. त्यामुळे एका कंपनीचा घोडा दुसऱ्या कंपनीचा ट्रेलर ओढू शकतो. ग्रिबोव्हालची कल्पना इथवर आली.

६. शक्तिमान, जोंगा आणि जीपवरची तोफ

स्वातंत्र्यानंतर सैन्याला स्वतःची ओढणारी वाहने हवी होती. जर्मनीच्या मान कंपनीच्या सहकार्याने १९५९ मध्ये पहिला शक्तिमान ट्रक बाहेर पडला तो जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीतूनच. पुढे १९६९ मध्ये वाहनांसाठी वेगळी व्हेइकल फॅक्टरी उभी राहिली. शक्तिमानबरोबर निस्सानच्या आराखड्यावरच्या गाड्या तिथे बनू लागल्या. त्यांतली जोंगा आजही अनेकांना आठवते. तिचे नाव ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली’ याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून पडले. तोफगाड्याचा कारखाना तिच्या नावातच आहे.

पिकअपच्या हौद्यातल्या हिचशी सर्वांत जवळचे उदाहरण याच प्रकारच्या गाड्यांचे आहे. १०६ मिलिमीटरची रिकॉइललेस तोफ जीपच्या किंवा जोंगाच्या मागच्या भागात बसवत. तोफ आणि तिचे बूड मिळून वजन सुमारे २०० किलो. १० सप्टेंबर १९६५ रोजी खेमकरणच्या भागात असल उत्तर येथे अब्दुल हमीद यांनी जीपवरच्या अशाच तोफेने पॅटन रणगाडे टिपले आणि त्याच लढाईत ते धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. ते ज्या ग्रेनेडियर्स रेजिमेंटचे होते तिचे केंद्र आज जबलपूरला आहे.

ही तोफ गाडीवरून उतरवून जमिनीवरूनही डागता येत असे. त्यासाठी तिच्या तिपाईच्या पुढच्या पायाला एक छोटे चाक दिलेले होते. उतरवल्यावर जवानांनी २०० किलो खांद्यावर घ्यायचे नाहीत, हातगाडीसारखे ढकलायचे. एका लहान चाकामागे केवढा विचार आहे पाहा : आराखडा करणाऱ्याने तोफ गाडीवर असतानाचाच नव्हे, ती उतरवल्यानंतरचाही क्षण डोळ्यांसमोर आणला होता.

७. हिच काढताना नेमके काय होते?

आता हिशेब करू. समजा हिचचा वरचा भाग ४० किलो आणि बूड ५० किलो आहे. हौद्याला भिंती असतात, त्यामुळे बाहेर उभ्या माणसाला वाकून, हात लांब करून वजन धरावे लागते. वजन कमरेपासून ६० सेंटिमीटरवर असेल तर कमरेवरचा आघूर्ण ४० × ९.८ × ०.६ म्हणजे सुमारे २३५ न्यूटन-मीटर. पाठीचे स्नायू कण्यापासून जेमतेम ५ सेंटिमीटरवर काम करतात. म्हणजे त्यांना २३५ भागिले ०.०५, सुमारे ४,७०० न्यूटन बल लावावे लागते. हे जवळपास ४८० किलो वजनाइतके झाले. माणसाला वाटते आपण ४० किलो उचलतो आहोत. पाठ वेगळाच आकडा पेलत असते.

अमेरिकेच्या नायॉश या संस्थेच्या समीकरणात वजन शरीरालगत असताना, सर्व परिस्थिती अनुकूल असेल तर २३ किलोची मर्यादा धरली आहे. वजन ६० सेंटिमीटर दूर गेले की २५ भागिले ६० हा गुणक लागतो आणि मर्यादा ९.६ किलोवर येते. म्हणजे हिचचा कुठलाही भाग बाहेरून वाकून उचलणे योग्य नाही, मग माणूस कितीही दणकट असो. आपल्या १९४८ च्या कारखाने कायद्याचे कलम ३४ हेच तत्त्व सांगत असे : इजा होईल इतके जड ओझे कुणाकडून उचलून घेऊ नये.

म्हणून कामाचा क्रम असा असावा. गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक ओढलेला, चाकांना अडसर. ट्रेलर जोडलेला असेल तर त्याच्याही चाकांना अडसर लावून तो आधी स्वतःच्या पायांवर उभा करायचा, मगच जबडे उघडायचे. ट्रेलर गेल्यावर हिचच्या पिना काढून वरचा भाग बुडापासून वेगळा करायचा, म्हणजे ओझ्याचे दोन तुकडे झाले. वरून चेन ब्लॉक किंवा होइस्टने उचलायचे. ते नसेल तर मागचे फळकूट उघडून भाग फळीवरून सरकवत काठापर्यंत आणायचा आणि त्याच उंचीच्या टेबलावर किंवा हातगाडीवर घ्यायचा. उचलण्यापेक्षा सरकवणे केव्हाही स्वस्त. पिना ज्या भोकांतून काढल्या तिथेच परत अडकवून ठेवायच्या, म्हणजे हरवत नाहीत आणि अदलाबदल होत नाही.

बसवताना उलटा क्रम, पण एक टप्पा जास्त : खात्री. बुडाखालची माती आणि गंज साफ करायचा, कारण मध्ये खडा राहिला तर बोल्ट घट्ट वाटतात आणि पुढे ढिले होतात. बोल्ट उत्पादकाने दिलेल्या टॉर्कने आवळायचे आणि थोडे अंतर चालवून पुन्हा तपासायचे. ट्रेलर जोडल्यावर बॅटरीच्या उजेडात वाकून पाहायचे : थाळी आणि ट्रेलर यांच्यात फट नाही ना, जबडे खुंटीच्या मागून मिटले आहेत ना. खुंटी जबड्यांच्या वरच टेकलेली असेल तर जोड बसल्यासारखा दिसतो आणि पहिल्या धक्क्याला सुटतो. शेवटी ट्रेलरचे पाय वर घेण्याआधी, त्याचे ब्रेक लावलेले ठेवून गाडी हलकेच पुढे ओढायची. ट्रेलर मागे खेचून धरत असेल तर जोड पक्का. फक्त आवाजावर विश्वास ठेवायचा नाही.

८. समारोप

गन कॅरेज फॅक्टरीचे काम आजही चालू आहे. ८ एप्रिल २०१९ रोजी १५५ मिलिमीटरच्या पहिल्या सहा धनुष तोफा जबलपूरमध्ये सैन्याकडे सोपवल्या गेल्या. धनुषला स्वतःचे छोटे इंजिन आहे. ओढणाऱ्या ट्रकपासून सुटल्यावर ती थोडे अंतर स्वतः सरकू शकते. तेरा टनांच्या आसपासची तोफ माणसांनी ढकलून जागेवर आणण्याची वेळ येऊ नये, ही सोय त्यामागे आहे. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये आयुध निर्माणींची पुनर्रचना होऊन जबलपूरचे हे दोन कारखाने दोन वेगवेगळ्या सरकारी कंपन्यांकडे गेले. एक तोफांच्या, दुसरा वाहनांच्या. ओढणारा आणि ओढले जाणारे कागदावर वेगळे झाले तरी रस्त्यावर त्यांना एकमेकांत बसावेच लागते.

तुम्ही पुढे नोकरीत यंत्रांची चित्रे काढाल. त्या चित्रांत यंत्र बहुतेक वेळा पूर्ण जोडलेले असते आणि माणूस नसतो. चित्र संपवण्याआधी त्यात एक माणूस काढून पाहा : तो कुठे उभा आहे, त्याचा हात कुठवर पोहोचतो, आणि त्याच्या हातात किती किलो आहेत. खेचराच्या बाबतीत हा हिशेब १८७९ मध्ये झाला होता.

विचारासाठी प्रश्न

१. लिंबरची खुंटी आणि ट्रेलरची किंगपिन यांतील साम्य व फरक आकृती काढून स्पष्ट करा.

२. ४,००० किलोच्या ट्रेलरचे २० टक्के वजन हिचवर येत असेल, तर पिकअपच्या मागच्या आसाच्या नेमके वर आणि आसाच्या एक मीटर मागे हिच असताना पुढच्या चाकांवरील भारात काय फरक पडेल?

३. तुमच्या गावातील ऊस किंवा विटा वाहणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉलीचा जोड पाहा. तो सोडणारा माणूस कुठे उभा राहतो? पिन घातली आहे हे लांबून दिसते का? नसेल तर तुम्ही काय बदल कराल?